ऐकिवात नाही

इतवाऱ्याच्या बाजारात त्या रविवारी योगितानं मेथीच्या दोन जुड्या पिशवीत घातल्या, पैसे दिले आणि मान वर केली, तेव्हा समोर शेंगदाण्याच्या गाडीशी एक वाकलेला म्हातारा पाठमोरा उभा होता, गालाशी दाढीची कड तेवढी दिसत होती. दाणे खाऊन झाल्यावर त्यानं पुडीचा कागद फेकला नाही. तो उलगडून तळहातावर सरळ केला, अंगठा आणि दोन बोटांमध्ये धरून चोळला, मग कानाजवळ नेऊन हलकेच झटकला. जिन्याला अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं योगिताचं झालं. कागद असा ऐकणारा एकच माणूस तिनं आयुष्यात पाहिला होता. आप्पा. तिचे वडील, भगवान महाजन, नेपानगरच्या कागद मिलमधून चौतीस वर्षांनी रिटायर झालेले. लग्नपत्रिका असो, प्रसादाची पुडी असो, लाइटचं बिल असो, आधी बोटांनी चोळायचं, मग कानाशी न्यायचं, आणि मग सांगायचं, सलईचं लाकूड जास्त, बांबू कमी. योगिताच्या घटस्फोटाचा निकाल खंडव्याहून आला तेव्हाही त्यांनी तो असाच हातात घेतला होता. कागद चांगला वापरलाय, म्हणाले होते, आणि तोंड फिरवून अंगणात गेले होते. आता तिच्या तोंडात 'आ' तयार झाला. जीभ टाळूला लागायची तेवढी बाकी होती. आणि तिला आठवलं की गुरुवारी कोर्टाची तारीख आहे. ती वळली. मेथीवालीला तिनं विचारलं, "कशी दिली जुडी?" बाई तिच्याकडे बघत राहिली. "आत्ताच तर पैसे दिले न ताई." योगिता हसली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली, पुन्हा पिशवीच्या आत पाहिलं, आणि एवढा वेळ घालवून मग तिकडे पाहिलं. गाडीशी कोणी नव्हतं.

गुरुवारी तिला शपथेवर सांगायचं होतं की भगवान महाजन यांना कोणी पाहिलेलं नाही. आठ वर्षं नऊ महिन्यांपूर्वी, माघातल्या एका सकाळी, ते दाढी करून येतो म्हणून घराबाहेर पडले ते आले नाहीत. चौथ्या दिवशी पोलिसात लिहून दिलं. फोटो लागले, नाशिक झालं, ओंकारेश्वर झालं, भुसावळच्या स्टेशनवर भाऊ भूषण तीन दिवस बसून आला. मग शोधणं कमी होत गेलं आणि वाट पाहणं सुरू झालं, आणि वाट कशाची, हे कोणी बोललं नाही. निरंजन वकिलांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "सात वर्षं. सात वर्षं ज्याच्याबद्दल घरच्यांच्या ऐकिवात काही नाही, त्याला कोर्ट मेलेला मानतं. तोवर जसोंडी गावचं वावर त्यांचं, घर त्यांचं. कोणाच्या नावावर काही होणार नाही." तेव्हा आईनं, सुमित्राबाईंनी, विचारलं होतं, "आणि साडेसहा वर्षांनी कोणी पाहिलं तर?" वकील म्हणाले, "तर मग वहिनी, पुन्हा पहिल्यापासून." ते वाक्य योगिताच्या डोक्यात तेव्हापासून बसलं होतं, दातात अडकलेल्या सुपारीसारखं. सात वर्षं भरली, वर आणखी वर्ष गेलं, मग सतरा जूनला दावा दाखल झाला, पेपरात जाहीर सूचना आली, हरकत कोणाची आली नाही. योगिताचं प्रतिज्ञापत्र महिन्यापूर्वीच लिहून झालं होतं आणि ते लिहिताना त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

घरी येऊन ती मेथी निवडत बसली. एकेक पान खुडताना तिनं स्वतःला समजावलं की मिलमध्ये हजारांनी माणसं होती, कागद चोळायची खोड त्या सगळ्यांनाच असणार. पाठीवरून माणूस ओळखता येतो का? आप्पा एवढे वाकलेले नव्हते. पण आठ वर्षांत माणूस वाकेल. आप्पांना दाढी नव्हती. पण ते दाढी करायलाच तर गेले होते. इथं तिला एकदम हसू फुटलं आणि लगेच तिनं नाक ओढलं, आणि आईनं आतून विचारलं, "काय झालं गं?" "काही नाही, मिरचीचा हात लागला." मिरच्या तिथं नव्हत्या. आईला या घरात सगळं ऐकू यायचं, हे योगिताला लहानपणापासून माहीत होतं. फक्त एक गोष्ट तिनं ऐकली नसावी अशी योगिताची समजूत होती. आप्पा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी ओट्यावर ते एकटे बसले होते आणि योगिता त्यांच्याजवळ जाऊन म्हणाली होती, "आप्पा, वरची खोली माझ्या नावावर करून द्या न. उद्या भूषणचं काय सांगता येतं. माझं दुसरं आहे कोण?" खंडव्याहून परत आल्याला तिला तेव्हा दोन वर्षं झाली होती. दुसऱ्याच्या घरात राहिल्यासारखी ती वर राहायची, जिन्यावर चपला हातात घेऊन चढायची. आप्पा बराच वेळ बोटं चोळत राहिले, बोटांमध्ये कागद नसताना. मग म्हणाले, "थांब थोडी." ती म्हणाली, "किती थांबू?" हे शेवटचं वाक्य. सकाळी ते गेले.

सोमवारी ती नेहमीसारखी कामावर गेली. तहसीलीसमोर तिचं ऑनलाइन फॉर्मचं दुकान होतं. दाखले, खसऱ्याच्या म्हणजे जमिनीच्या उताऱ्याच्या नकला, फौती नामांतरण, म्हणजे मेलेल्याचं नाव काढून वारसांचं नाव चढवणं. गोदाबाई नावाची एक बाई आली, नवरा दिवाळीत गेलेला. प्लास्टिकच्या पिशवीतून तिनं घडी घातलेलं मृत्यू प्रमाणपत्र काढलं आणि टेबलावर ठेवताना पदरानं पुसलं. "किती दिवस लागतील ताई?" "महिना. कोणाचा वाद नसला तर." "वाद कोणाचा असणार, दोनच पोरं आहेत." योगिता ते प्रमाणपत्र बघत राहिली. तारीख, वेळ, कारण, डॉक्टरची सही. एवढं नीट मरण. तिला या बाईचा हेवा वाटला, आणि तो वाटल्यावर तिनं खाली मान घालून बाईचं नाव दोनदा चुकीचं टाइप केलं. दुकानासमोरून माणसं जात होती आणि त्यातला प्रत्येक म्हातारा थोडा थोडा आप्पांसारखा होता. एक जण चालायचा तसा, दुसऱ्याचा खांदा. काल ज्याला हाक मारली नाही तो आता गावभर फिरतोय, आणि आज ना उद्या दुकानाच्या दारात उभा राहून म्हणेल, खसऱ्याची नकल पाहिजे, भगवान महाजन, जसोंडी.

मंगळवारी दुपारी तिला राहवेना. ती शेंगदाणेवाल्याकडे गेली आणि दहा रुपयांचे दाणे मागून अगदी सहज विचारलं, "रविवारी एक बुजुर्ग होते न, दाढीवाले, कागद घेऊन..." तो म्हणाला, "वो बाबा? कभी-कभी आते हैं. घाट पे रहते हैं, धर्मशाला में. बोलते कम हैं." आणि पुडी बांधत म्हणाला, "आपके कोई हैं क्या?" "नाही," योगिता म्हणाली. इतक्या चटकन म्हणाली की त्यानं पुन्हा तिच्याकडे पाहिलं. रिक्षा करून ती तापीच्या घाटापर्यंत गेली. वरच्या कमानीशी उभी राहिली. खाली पायऱ्या, त्याखाली थंडीतलं आटलेलं पाणी, उन्हात बसलेली चार-पाच माणसं. खाली उतरलं की कळणार होतं. तीसेक पायऱ्या. ती तिथं उभी राहून वकिलांचं वाक्य मनात म्हणत राहिली, ज्याच्याबद्दल घरच्यांच्या ऐकिवात काही नाही. खाली उतरली नाही तर तिच्या ऐकिवात काही येणार नव्हतं. शेंगदाणेवाल्यानं म्हटलं ते कोणा एका बाबाबद्दल म्हटलं. तिच्या हातातली पुडी घामानं ओली झाली. एक बाई धुणं घेऊन वर आली, बाजूनं जाताना म्हणाली, "उतरायचं आहे का? नाही तर हो बाजूला." योगिता बाजूला झाली आणि त्याच रिक्षानं परत आली.

बुधवारी संध्याकाळी भूषण आला. तो राजपुऱ्यात भाड्यानं राहायचा, वावर तोच करायचा. दोन वर्षांपूर्वी वादळात केळी झोपली तेव्हा भरपाई आली ती खातेदाराच्या नावानं आली आणि तशीच पडून राहिली. तेव्हापासून तो आप्पांबद्दल बोलताना 'खातेदार' म्हणायचा. "उद्या अकराला पोचा. हो-नाही, बस. ज्यादा काही बोलायचं नाही." मग आईकडे न बघता म्हणाला, "आई, वकील म्हणत होते, कुंकू उद्या नको. बारीक टिकली लाव. जज बाई आहे, तिचं ध्यान जाईल." आई त्याच्या पुढ्यात चहा ठेवत होती. कपातला चहा बशीत सांडला नाही की काही नाही. "बरं," ती म्हणाली. भूषण गेल्यावर योगिता म्हणाली, "आई, तुला काय वाटतं? आहेत का ते?" आईनं उद्याची साडी पलंगावर पसरून हातानं सारखी केली. "तुला काय वाटून राहिलं?" तिनं विचारलं. तो क्षण होता. योगिता सांगू शकली असती. पण सांगितलं की ती गोष्ट दोघींची झाली असती, आणि आईला उद्या खोटी शपथ घ्यावी लागली असती. म्हणून ती म्हणाली, "मला काही कळत नाही," आणि वर गेली. चपला पायातच होत्या, हे तिला वर पोचल्यावर कळलं.

कोर्टात आई नेहमीचं मोठं कुंकू लावूनच आली. भूषणनं पाहिलं आणि दात आवळले. पहिली साक्ष आईची झाली, प्रश्न हिंदीतून. देखा? नाही. फोन? नाही. चिट्ठी? नाही. तिन्ही वेळा आईनं प्रश्न संपायच्या आत उत्तर दिलं. जज मॅडम तरुण होत्या, त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आप मानती हैं कि वो अब जीवित नहीं हैं?" आई म्हणाली, "कोर्ट मानेल ते." मग योगिता उभी राहिली. प्रतिज्ञापत्र दाखवलं, सही तिचीच. सरकारी वकिलांनी घड्याळाकडे बघत, विचारायचं म्हणून विचारलं, "आज तक आपने उन्हें कहीं देखा नहीं, सही है?" तिला फक्त 'हो' म्हणायचं होतं. टाइप करणाऱ्या माणसाची बोटं त्या 'हो'साठी तयारच होती. तिला काही धैर्य वगैरे आलं नाही. उलट तिला वाटलं की आपण पडणार, आणि पडताना हाताला लागेल ते धरावं तसं ती बोलली, "रविवारी इतवाऱ्यात एक माणूस पाहिला." भूषण मागं कुठंतरी हलला. "चेहरा देखा?" मॅडमनी विचारलं. "नाही." "आवाज़ दी?" "नाही दिली." "क्यों?" योगिताला हिंदी येईना. ती मराठीतच म्हणाली, "हाक मारली असती आणि ते वळले असते, तर आज मला इथं येता आलं नसतं." टाइप करणारा थांबला. मॅडमनी हळू आवाजात लिहून घ्यायला सांगितलं. पोलिसांनी चौकशी करावी, घरच्यांनी ओळख पटवावी, पुढची तारीख बारा जानेवारी.

बाहेर व्हरांड्यात निरंजन वकील एवढंच म्हणाले, "ताई, मला आधी सांगायचं होतं," आणि दुसऱ्या कोर्टात निघून गेले. भूषण मोटारसायकलपाशी उभा होता, किल्ली हातात. "आठ वर्षं, ताई. दर खेपेला पटवारी विचारतो, खातेदार कुठंय. काय सांगू आता? इतवाऱ्यात दाणे खाऊन राहिले?" त्याचा आवाज चढला नव्हता, त्यामुळं जास्त लागलं. योगिता म्हणाली, "ते माझ्यामुळं गेले. आदल्या दिवशी मी खोली मागितली होती त्यांना. किती थांबू म्हणाले मी." मोटारसायकलच्या आरशात त्याचा अर्धा चेहरा दिसत होता, दाढी वाढलेला, डोळ्यांखाली काळा, आणि कधी नव्हे तो आप्पांसारखा. "मी पण," तो म्हणाला. "वावराचं. त्याच आठवड्यात. म्हटलं, तुम्ही असताना करून टाका, नंतर भानगडी होतात." आणि मग दोघांनाही एकदम जाणवलं की आई मध्येच उभी आहे. "मला माहीत आहे," आई म्हणाली. "त्यांनीच सांगितलं होतं रात्री. म्हणाले, पोरं वाट पाहून राहिली आपली." तिनं पदर डोक्यावर नीट घेतला. "ते काही रागावून म्हणाले नाहीत. पाव्हणा निघायला उशीर करतो न, तसं म्हणाले." मग योगिताला म्हणाली, "कुठं पाहिलं? चल दाखव."

शेंगदाणेवाल्यानं सांगितलेलं योगितानं आईला सांगितलं, आणि रिक्षा घाटाच्या कमानीशी थांबली. भूषण आला नव्हता. वावरात पाणी सोडायचं आहे म्हणाला होता, आणि तसाच उभा राहिला होता. आई म्हणाली, "तू थांब इथं." योगिता थांबली. आई एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत उतरली. खाली उन्हात माणसं बसली होती. त्यातला एक, दाढीवाला, सगळ्यात खालच्या पायरीवर, पाण्याकडे तोंड करून, शेजारी कापडी पिशवी. आई त्याच्या मागं जाऊन उभी राहिली. हाक मारल्याचं दिसलं नाही. तो वळलाही नाही. नुसती त्यानं शेजारची पिशवी उचलली आणि दुसऱ्या बाजूला ठेवली. आई त्या जागेवर बसली. योगितानं कमानीचा दगड धरला. दगड उन्हानं तापला होता, तरी हात काढावासा वाटेना. ते दोघं बोलत होते का, वरून कळत नव्हतं. एकदा आईचा हात हलला, पलीकडच्या तीराकडे काही दाखवावं तसा. एकदा त्यानं मान खाली घातली आणि बराच वेळ वर केली नाही. धुण्याचे आवाज येत होते. तिला वाटलं, आता खाली धावत जावं. आणि तिला हेही कळत होतं की आपण धावत गेलो तर तिथं पुन्हा खातेदार बसलेला असेल आणि वारस आलेले असतील. ती उभी राहिली. मग आई उठली, त्याच्या खांद्याला हात टेकून उठली, आणि वर येऊ लागली, प्रत्येक पायरीवर थांबत.

"तो नाही," आई वर येऊन म्हणाली. दम लागला होता. "दुसराच कोणी आहे. मिलमधला."

"तू बसली होतीस त्याच्याजवळ."

"गुडघे दुखले."

रिक्षावाला बिडी टाकून आत बसला. आई रिक्षात चढली, साडीचा घोळ आत घेतला, आणि समोर बघत म्हणाली, "पोलीस विचारायला आले तरी तो हेच सांगेल. कडू नाव आहे त्याचं."

आप्पांच्या आधीची दोन भावंडं जगली नव्हती. म्हणून आजी त्यांना कडू म्हणायची, मरणानं तोंडात घेतलं तर थुंकून टाकावं म्हणून. ते नाव मिलमध्ये कोणाला माहीत नव्हतं, गल्लीत कोणाला माहीत नव्हतं, भूषणच्या जन्माआधीच आजी गेली होती. योगितानं ते आजीच्या मांडीवर ऐकलं होतं. आणि योगितानं ते ऐकलेलं आहे हे आईला पक्कं माहीत होतं. रिक्षा निघाली. इतवारा आला. मग योगितानं विचारलं, "बरा आहे का तो?" "बरा आहे," आई म्हणाली. "खोकला आहे थोडा. धर्मशाळेत पाणी भरतो, दोन वेळचं मिळतं." थोड्या वेळानं म्हणाली, "घर आहे का म्हणून विचारलं मी. तर म्हणाला, होतं." तिचा आवाज तिथं फाटला, आणि पुन्हा सरळ झाला. "मी म्हटलं, चला. तर म्हणाला, मला इथं कोणी विचारत नाही किती दिवस राहणार."

बारा जानेवारीला पोलिसांचा कागद कोर्टात आला. घाटावरील इसम, नाव कडू, वय अंदाजे सत्तर, बेपत्ता इसम नाही. योगिताला पुन्हा उभं केलं. मॅडमनी तिच्याकडे जरा मऊपणानं पाहिलं असं तिला वाटलं, आणि त्या मऊपणाची तिला भीती वाटली. "आपकी माताजी ने जाकर देखा?" "हो." "पहचाना नहीं?" मागच्या बाकावर आई बसली होती, शेजारी भूषण. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं, आणि त्यानं विचारलं नव्हतं. मागच्या खेपेला खरं बोलताना योगिता पडणार होती. आज पाय जमिनीत रुतल्यासारखे घट्ट होते. "आईनं सांगितलं, ते नाहीत," ती म्हणाली. "आई त्यांना ओळखण्यात चुकणार नाही, मॅडम." टाइप करणाऱ्यानं ते एका ओळीत बसवलं.

फेब्रुवारीत निकाल लागला. भगवान महाजन, दावा दाखल झाला त्या दिवसापासून, म्हणजे सतरा जूनपासून, कायद्यानं मृत. भूषणनं निकालाची नकल योगिताच्या दुकानात आणून टेबलावर ठेवली आणि स्टुलावर बसला. "तूच भर," तो म्हणाला. फौती नामांतरणाचा फॉर्म तिनं उघडला. गाव जसोंडी. खसरा क्रमांक. मृत खातेदाराचं नाव. वारस, पत्नी सुमित्रा, मुलगा भूषण, मुलगी योगिता. एवढे दिवस दुसऱ्यांचे फॉर्म भरले होते, तिची बोटं आपोआप चालत होती. मृत्यू दिनांकाच्या चौकोनाशी ती थांबली. "काय झालं?" भूषणनं विचारलं. "काही नाही." सतरा जूनला काय होतं ते ती आठवत होती. वकिलांच्या ऑफिसमध्ये सह्या, बाहेर उकाडा, भूषणनं आणलेला उसाचा रस. त्या दिवशी घाटावर एक माणूस पाणी भरत असेल. अठराला भरत असेल, एकोणीसला, आजही. सतरा जूनपर्यंतचे सगळे दिवस त्या घरानं मोजले होते. त्यापुढचे आता कोणाच्याही हिशेबात नव्हते. तिनं तारीख टाकली, एकदा ताडून पाहिली आणि फॉर्म पुढे पाठवला.

"किती दिवस लागतील?" भूषणनं विचारलं.

"महिना," योगिता म्हणाली. "वाद नाही कोणाचा."